रीफ घेतली आणि होडी वाऱ्यावर चढेना: बूम नसलेल्या शिडाचं एक प्रकरण

माघ शुद्ध अष्टमीला आंजर्ल्याच्या खाडीतून आम्ही तिघं शिडाच्या होडीतून बाहेर पडलो, आणि दुपारी रीफ घेतल्यावर, म्हणजे शीड आखडल्यावर, कर्द्याच्या समुद्रात जवळजवळ दीड तास एकाच जागी अडकून पडलो. वारा अंगावर होता, शीड ताणलेलं होतं, होडी पाणी कापत होती, पण उत्तरेकडे सरकत नव्हती. कारण सापडलं ते दोरीच्या एका कडीत. ज्यांच्याकडे बूम नसलेलं शीड आहे, किंवा जे तसं शीड लावायचा विचार करताहेत, त्यांना हे प्रकरण उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. आमच्या चुकाही यात आल्या आहेत.

आधी होडी. साडेपाच मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद, लाकडी. बांधा इथल्या मासेमारीच्या लहान होडीचा, फक्त मधोमध वरखाली होणारी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, आम्ही नंतर बसवून घेतली. एकच डोलकाठी. शीड दहा चौरस मीटरचं, चार बाजूंचं. वरच्या कडेला तिरकी काठी आहे, खालची कड मोकळी. ही कड ताणून धरणारा आडवा दांडा, ज्याला सगळीकडे बूम म्हणतात, तो नाही. शिडाच्या मागच्या खालच्या टोकाला दोन दोऱ्या, डाव्या काठाला एक आणि उजव्या काठाला एक. प्रत्येक दोरी काठावरच्या एका कडीतून आत हातात येते. सेलिंग क्लबात शिकलेले लोक या दोरीला शीट म्हणतात. शीट आणि शीड यांचा गोंधळ होतो, म्हणून मी इथे तिला ताणदोरी म्हणतो.

बूम न लावण्याचं कारण साधं आहे. माझी पुतणी तेरा वर्षांची आहे आणि होडीत ती एका जागी बसत नाही. वारा फिरला की बूम डोक्याच्या उंचीवरून सपकन दुसऱ्या बाजूला जातो, त्याने माणसं जायबंदी झालेली आहेत. शिवाय आमच्या किनाऱ्यावर बूम कधी नव्हताच. मचवा असो, फत्तेमारी असो, लांबलचक तिरक्या काठीला बांधलेलं शीड आणि त्याच्या मागच्या टोकाला दोर, एवढ्यावर मलबारपर्यंत आणि अरबस्तानापर्यंत ये-जा झाली. इंग्लंडमध्ये जॉन वॉटकिन्सन यांनी आखलेली ड्रॅसकोम्ब लगर ही पावणेसहा मीटरची उघडी होडीही अशीच आहे, मुख्य शिडाला बूम नाही. १९६९ मध्ये डेव्हिड पाइल एका सोबत्याला घेऊन त्या जातीच्या होडीतून इंग्लंडहून निघाले आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाला पोचले. तेव्हा बूम नाही म्हणजे काहीतरी अर्धवट आहे, असं मला कधीच वाटलं नाही. आजही वाटत नाही.

होडीत तिसरे होते नाना. वय चौऱ्याहत्तर. त्यांचं लहानपण वडिलांच्या शिडाच्या मचव्यावर गेलं, नंतरचं सगळं आयुष्य इंजिनाच्या होडीवर. आमची होडी पाण्यात पडली तेव्हा ते स्वतःहून आले, डोलकाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "मला न्यायचं हां बरोबर." तेव्हापासून ते असतातच.

त्या दिवशीचा हिशोब

भरतीची वेळ काढायला कोकणात घड्याळाआधी तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण, दुपारी बारा-सव्वाबारापर्यंत ओहोटी, आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पुन्हा पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, पाण्याचा चढउतार कमी, ओढही कमी. आंजर्ल्याच्या खाडीचं तोंड गाळाने भरलेलं आहे, त्यामुळे ओहोटीला आत यायचं म्हणजे तळ घासत यायचं. म्हणून ठरवलं: सकाळच्या सुटत्या पाण्याबरोबर बाहेर पडायचं, संध्याकाळच्या चढत्या पाण्याबरोबर आत यायचं.

वाऱ्याचंही तसंच. हिवाळ्याच्या शेवटी पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. नऊ-दहाच्या सुमारास तो मरतो. दुपारी खारा वारा येतो, आमच्याकडे तो वायव्येचा. सकाळी पूर्वेचा वारा डाव्या अंगाला घेऊन दक्षिणेला जाणं म्हणजे निव्वळ सुख. कड्यावरच्या गणपतीचा कळस मागे पडला, सुवर्णदुर्गाचा तट उगवत्या उन्हात तांबूस झाला, मुरूड मागे गेलं, कर्दे गेलं. साडेनऊला आम्ही लाडघरच्या अलीकडे नांगर टाकून भाकरी सोडल्या. पुतणीने दोन मांदेली पकडली आणि परत सोडली.

परतीचा रस्ता मात्र वायव्येच्या वाऱ्यासमोर उत्तरेला. थेट जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं: एकदा पश्चिमेला समुद्रात लांब, मग वळून उत्तरेला किनाऱ्याकडे, पुन्हा समुद्रात. आमची होडी चांगल्या ताणात असेल तर वाऱ्याच्या रोखापासून साधारण पंचावन्न अंशांवर चालते. त्या हिशोबाने कनकदुर्गाचं दीपगृह ओलांडायला तीन तास पुरेसे होते. पावणेएकला नांगर उचलला.

अडकलो तो दीड तास

पहिला पाऊण तास उत्तम गेला. मग वारा वाढला. लाटांच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलं, होडी एका अंगावर जास्तच कलायला लागली आणि काठावरून पाणी आत आलं. दीड वाजता मी शीड आखडायचं ठरवलं. आमच्या शिडाला खालच्या कडेपासून ऐंशी सेंटीमीटर वर भोकांची एक रांग आहे. वरची काठी तेवढी खाली घ्यायची, रांगेतलं पुढचं भोक पुढच्या टोकाच्या जागी बांधायचं, मागच्या भोकात ताणदोऱ्या घालायच्या, मधलं कापड गुंडाळून बांधून टाकायचं. याला रीफ घेणं म्हणतात. आम्ही ते चार मिनिटांत केलं आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

होडी लगेच सरळ झाली. पाणी येणं थांबलं. सगळं शांत वाटलं, आणि म्हणूनच पुढची वीस मिनिटं काही बिघडलंय हे लक्षात आलं नाही.

लक्षात आणून दिलं नानांनी. ते किनाऱ्याकडे बघत होते. कर्द्याच्या एका निळ्या पत्र्याच्या छपरामागे डोंगरावर एकटा ताड आहे. आम्ही समुद्रात जाऊन परत आलो तेव्हा छप्पर आणि ताड पुन्हा एका रेषेत आले होते. "आपण जिथून गेलो तिथेच आलो," ते म्हणाले. पुन्हा एक फेरी मारली. ताड पुन्हा रेषेत. उलट लाटा फुटत होत्या ती पांढरी पट्टी आता जवळ आली होती.

मी जे जे केलं ते सांगतो, कारण माझ्या जागी असलेला कुणीही हेच करेल. ताणदोरी आणखी ओढली. शिडाची खालची कड लोखंडी पट्टीसारखी कडक झाली, होडी आणखी मंदावली. मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे जबरदस्तीने वळवली, तर शीड फडफडून होडी थांबली आणि लाटेने ती आडवी ढकलली. सेंटरबोर्ड पूर्ण खाली आहे ना ते पाहिलं, होता. नानांना पुढे बसवलं, मागे बसवलं. कशाने काही फरक पडला नाही. मग मी मनातल्या मनात भांगाच्या दिवसाला आणि पाण्याच्या ओढीला दोष दिला. ओढीचा जोर त्या दिवशी फारसा नव्हताच, हे मला सकाळपासून माहीत होतं.

नानांचं म्हणणं वेगळं होतं. होडी फिरवायची, वारा पाठीवर घ्यायचा आणि दक्षिणेला दाभोळच्या खाडीत शिरायचं. तो सल्ला चांगला होता. आमच्याकडे इंजिन नव्हतं, वल्ह्यांनी त्या वाऱ्यासमोर तीन माणसांची होडी हलली नसती. वेळेची मर्यादा मी मनात ठरवली: तीन वाजेपर्यंत ताड हलला नाही तर दाभोळ. लाइफ जॅकेट तिघांच्याही अंगावर होती, फोन प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा होता, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आतल्या फळीवर रंगाने लिहिलेला आहे. भीती जिवाची नव्हती. भीती होती ती फुटत्या लाटेत होडी आडवी होऊन भरण्याची.

तीनला दहा कमी असताना पुतणी तळातलं पाणी उपसायला वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे होडी कलली होती त्या अंगाला, सरकली. पाणी तिथेच साचतं. एका हातात डबा, आणि होडी हलत होती म्हणून दुसऱ्या हाताने तिने डोक्यावरची ताणदोरी धरली, शिडाचं टोक आणि कडी यांच्या मधली. तिचा अर्धा भार त्या दोरीवर आला. दोरी खाली वाकली. आणि सुकाणूचा दांडा माझ्या हातात जिवंत झाला. हे दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगता येत नाही. मेलेल्या दांड्यात एकदम ओढ आली, नाळेखालचा आवाज बदलला, होडी आपणहून वाऱ्याकडे वर वळली आणि तरीही पळत राहिली.

ती डबा ओतायला उठली. दोरी सुटली. दांडा पुन्हा मेला.

"बाय, हात काढू नको तिथून!" नाना ओरडले. तिला वाटलं आपलं काही चुकलं. तिने पुन्हा दोरी धरली, होडी पुन्हा उचलली. मी पहिल्यांदा मान वर करून शिडाच्या वरच्या भागाकडे नीट पाहिलं. दीड तास मी खालच्या कडेकडे बघत होतो, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर होती. वरची मागची कड तिने दोरी ओढली की ताठ व्हायची, सोडली की पान हलावं तशी हलायला लागायची. शिडाचा वरचा तिसरा हिस्सा वारा नुसता सांडत होता.

नानांनी नांगराच्या दोरीचा एक तुकडा कापला, ताणदोरीभोवती फास घातला आणि तो वल्हं अडकवायच्या खुंटीला खाली ओढून बांधला. खुंटी कडीच्या थोडी पुढे आहे. पुतणीचा हात मोकळा झाला. दहा मिनिटांनी ताड निळ्या छपराच्या डावीकडे गेला आणि परत आला नाही.

असं का झालं

दुसऱ्या दिवशी होडी वाळूवर उभी करून, शीड चढवून मी टेप लावला. बूम असलेल्या शिडात दोन कामं दोन वेगळ्या वस्तू करतात. खालची कड मागे ताणून धरायचं काम बूम करतो, आणि दोरी मुख्यतः बूम खाली ओढते, म्हणजे मागची कड ताठ ठेवते. बूम काढला की ही दोन्ही कामं एका दोरीवर येतात. ती एकाच वेळी मागेही ओढते आणि खालीही. किती मागे आणि किती खाली, हे दोरीच्या कोनावर ठरतं, आणि कोन ठरतो कडी कुठे आहे त्यावर. म्हणून या शिडात कडीची जागा ही जवळजवळ बूमच आहे.

पूर्ण शीड असताना मागचं टोक काठाच्या ६० सेंटीमीटर वर आणि कडीच्या ५० सेंटीमीटर पुढे होतं. दोरीचा कोन पाण्याच्या पातळीशी ५० अंशांचा. ताणाचा तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग खाली ओढायला मिळतो. रीफ घेतल्यावर टोकाची उंची तीच राहिली, कारण आख्खं शीडच खाली आलं होतं. पण आमच्या शिडाची मागची कड वर जाताना पुढे कलते. ऐंशी सेंटीमीटर वरचं भोक हे खालच्या टोकापेक्षा ४५ सेंटीमीटर पुढे असतं. म्हणजे नवं टोक कडीपासून ९५ सेंटीमीटर दूर. कोन ३२ अंश. खाली ओढायला आता ताणाचा जेमतेम निम्मा भाग, उरलेला सगळा जोर खालची कड मागे खेचण्यात. मी दोरी जितकी जास्त ओढत होतो, तितकी खालची कड सपाट होत होती आणि वरची कड सैलच राहत होती. खुंटीशी बांधल्यावर अंतर ५५ सेंटीमीटर झालं आणि कोन ४७ अंशांवर आला. जवळपास जुनाच.

मला एक प्रश्न बरेच दिवस सतावत होता. नानांनी बूम नसलेल्या शिडावर बालपण काढलं, मग हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही? मी त्यांनाच विचारलं. त्यांचं उत्तर या सगळ्या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. त्यांच्या वडिलांच्या मचव्यावर शीड आखडत नसत. वारा वाढला की काठी खाली घेऊन मोठं शीड सोडत आणि लहान शीड बांधत. लहान शिडाचा दोर कुठे बांधायचा ती जागाही ठरलेली असे. शीड बदललं की दोराची जागा बदलते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पण आम्ही शीड बदललंच नव्हतं, त्यांच्या डोळ्यांपुढे तेच कापड होतं. रीफ घेणं मी बूमवाल्या होड्यांकडून उचललं, बूम न लावणं त्यांच्याकडून, आणि दोन्हीच्या सांध्यात जी फट राहिली ती कुणीच पाहिली नाही.

इथे एक सावधगिरी. कडी पुढे न्यायची हा नियम आमच्या शिडाला लागू आहे. कुणाच्या शिडाची मागची कड सरळ उभी असेल तर टोक पुढे सरकणारच नाही आणि कडी हलवायची गरज पडणार नाही. आपल्या शिडावर वाळूत टेप लावून बघावं, एवढंच खात्रीने सांगता येतं.

वारा पाठीवर आल्यावर

साडेचारला कनकदुर्ग ओलांडला, सुवर्णदुर्गाच्या बाहेरून वळसा घातला आणि खाडीच्या तोंडाकडे वळलो. आता वारा मागून होता. बूम नसलेलं शीड खरं इथे दुबळं पडतं. मागून वारा आला की मोकळं टोक होडीच्या मध्याकडे येतं, कापड आतल्या बाजूला गुंडाळतं आणि अर्धं शीड रिकामं राहतं. वल्हं लावून टोक बाहेर ढकलून धरता येतं. शांत पाण्यात आम्ही तेच करतो. पण त्या दिवशी लाट होती, वल्ह्याचं टोक लाटेत बुडलं असतं तर होडी आडवी फिरली असती. म्हणून सरळ न जाता वारा मागच्या कोपऱ्यावर ठेवून तिरके गेलो, आणि एकदा शीड या बाजूचं त्या बाजूला घेतलं. बूम असता तर याच क्षणी मी पुतणीला खाली झोपायला सांगितलं असतं. कापड डोक्यावरून गेलं, बस. मात्र टोकाची भिजलेली गाठ माझ्या कानामागे लागली आणि दोन दिवस तिथे टेंगूळ होतं. तिथे लोखंडी शॅकल, म्हणजे दोर जोडायची कडी, असतं तर टाके पडले असते. तेव्हापासून त्या टोकाला धातूचं काहीही लावायचं नाही, दोर गाठीनेच बांधायचा, हे पक्कं झालं.

पावणेसहाला चढत्या पाण्यावर आत आलो. तळ कुठेच घासला नाही.

नंतर काय केलं

दोन्ही काठांवर आधीच्या कडीच्या पुढे ४५ सेंटीमीटरवर दुसरी कडी बसवली. पूर्ण शिडाची कडी पांढरी, रीफची लाल. शिडावरच्या रीफच्या भोकालाही लाल सुतळी गुंडाळली, म्हणजे लाल टोक लाल कडीत, एवढं घाईतही पुतणीला कळतं. मागच्या कडेला वर, मधे आणि खाली लोकरीचे धागे शिवले. वरचा धागा शिडामागे दडला की वरची कड जास्त ताणली गेली आहे, आणि तो कधीच न दडता नुसता मागे उडत राहिला की कड सैल आहे, हे आता मान वर केली की दिसतं. बूम लावण्याचा सल्ला दोघा-तिघांनी दिला. मी तो घेतला नाही. बूमने हा त्रास गेला असता आणि होडीत मुलीला मोकळेपणाने फिरता येणंही गेलं असतं.

इंजिनाबद्दल मात्र माझं मत बदललं. वारा किनाऱ्याकडे ढकलत असताना, मूल बरोबर घेऊन, नुसत्या वल्ह्यांवर विसंबून मी त्या दिवशी निघायला नको होतं. लहान आउटबोर्ड आता मागे लावलेलं असतं.

चैत्रात, पुन्हा अष्टमी गाठून, आम्ही मुद्दाम त्याच पाण्यात गेलो. वारा तसाच वायव्येचा, उलट थोडा जास्त. निघण्याआधी किनाऱ्यावरच रीफ घेतली, दोरी लाल कडीत घातली. निळं छप्पर आणि ताड दोनला पाच मिनिटं असताना एका रेषेत आले. पुढच्या वळणावर नानांनी मागे वळून पाहिलं, आणि ताड छपरापासून पाच बोटं डावीकडे होता.